गिऱ्हाईक आणि पाहुणा

प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही कार्यालयात येऊन बसलो होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक दाम्पत्य भेटीस आले. गृहस्थ चौदा वर्षे सौदी अरेबियातील एका कारखान्यात नोकरी करून नुकतेच कायमचे घरी परतले होते. पदरी थोडाफार पैसा होता. थोरली मुलगी नववीच्या परीक्षेला बसली होती, धाकटा मुलगा दहा वर्षांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन सात-आठ आठवडे परदेशी प्रवासास जावे असा त्यांचा बेत होता. आशीर्वाद मागावा आणि एक शंका विचारावी, अशा दुहेरी हेतूने ती दोघे आली होती.

शंका बाईंनीच मांडली. ‘फादर, घरी सासूबाई नाराज आहेत. नातेवाईक म्हणतात, मुलगी दहावीत जाणार आणि तुम्ही मौजमजा करायला निघालात! यांनी चौदा वर्षे घाम गाळून मिळवलेला पैसा असा उडवायचा? आमचं काही चुकतंय का?’

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग खाली पाहत म्हणाले, ‘फादर, दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचो. मुलं माझ्याशी पाहुण्याशी वागावं तशी वागायची. अजूनही तशीच वागतात.’

आम्ही तत्काळ उत्तर दिले. तीर्थस्थाने पाहा, रोज जपमाळ म्हणा, म्हणजे प्रवास सार्थकी लागेल. दोघांनी मान डोलावली आणि ती निघून गेली. परंतु आमचे उत्तर आम्हालाच टोचत राहिले. जो प्रश्न विचारलाच गेला नव्हता त्याचे ते उत्तर होते. त्या पित्याच्या मनातील खरा प्रश्न असा होता : गेलेली वर्षे प्रवासाने भरून निघतात काय? आणि त्यामागे आणखी एक प्रश्न उभा होता, जो आज आपल्या पुष्कळ कुटुंबांपुढे उभा आहे. दीर्घ प्रवास आनंदाचा होतो, हे उघड आहे. परंतु तो अर्थपूर्ण कशाने होतो?

मौज पाप आहे काय?

प्रथम मौजेविषयी. नातेवाइकांच्या आक्षेपात असे गृहीत धरलेले आहे की मौज आणि अर्थ या दोन परस्परविरोधी गोष्टी होत. जितकी मौज अधिक तितका अर्थ कमी. ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात खेळ आणि विरंगुळा यांचा स्वतंत्र विचार केला आहे. तेथे त्यांनी प्राचीन मठवासी पित्यांच्या संवादांतील एक कथा दिली आहे. प्रेषित संत योहान आपल्या शिष्यांसमवेत खेळत असलेले पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांतील एकाच्या हाती धनुष्य होते. योहानांनी त्याला बाण सोडावयास सांगितले. पुनःपुन्हा सोडावयास सांगितले. मग विचारले, असे अखंड करता येईल काय? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानांनी समजावले. थॉमस एवढ्यावर थांबत नाहीत. जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि इतरांच्या आनंदावरही विरजण घालतो, तोही दोषी आहे, असे त्यांचे मत आहे.

खर्चाविषयी म्हणाल तर आम्हाला एक गंमत वाटते. आपल्याकडे तीन-चार दिवस चालणाऱ्या लग्नसोहळ्यात कित्येक लाख रुपये मंडपात, जेवणावळीत आणि वाजंत्रीत जातात. त्याविषयी ‘फादर, हे पाप तर नाही ना?’ असे विचारावयास आजवर कोणीही आमच्या कार्यालयात आलेले नाही. खर्चाचा हिशेब देवापुढे द्यावाच लागतो, गोरगरिबांचा वाटा आधी बाजूला काढावाच लागतो. पण हा नियम सर्वच खर्चांना लागू आहे, केवळ प्रवासाला नव्हे.

याउलट, नुसते धार्मिक स्थळ पाहिले म्हणजे अर्थ प्राप्त होतो, हीदेखील भाबडी समजूत होय. ‘ख्रिस्तानुकरण’ या ग्रंथात थॉमस अ केम्पिस यांनी फार पूर्वीच इशारा दिला आहे की संतांचे अवशेष पाहण्यासाठी गावोगाव धावणाऱ्यांपैकी पुष्कळ जण निव्वळ कुतूहलापोटी धावतात आणि त्यांच्या आयुष्यात फारसा पालट होत नाही. याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील चाळीस भाविकांना घेऊन आम्ही पवित्र भूमीच्या यात्रेस गेलो होतो. अकरा दिवसांत तीन देश. पहाटे पाचला सामान बसमध्ये, रात्री नऊला हॉटेलात. गालील सरोवराच्या काठी बसण्यास वीस मिनिटे मिळाली, तीही छायाचित्रे काढण्यात गेली. परतल्यावर एका वृद्ध भगिनीस आम्ही विचारले, सर्वांत अधिक काय आवडले? ती बिचारी प्रामाणिकपणे म्हणाली, ‘फादर, बस फार छान होती.’ दोष तिचा नव्हता. कार्यक्रम आम्ही आखला होता. तिला आम्ही प्रभूच्या भूमीत नेले खरे, पण गिऱ्हाईक म्हणून नेले.

दोन प्रकारचे प्रवासी

हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. गिऱ्हाईक पैसे मोजतो, माल घेतो आणि मोकळा होतो. दुकानदाराचे त्याच्यावर ऋण राहत नाही, त्याचे दुकानदारावर राहत नाही. व्यवहारात हे योग्यच आहे. परंतु एखाद्या देशाकडे, तेथील माणसांकडे, त्यांच्या मंदिरांकडे आणि स्मशानांकडेही गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पाहिले, तर तेथून केवळ विकत मिळते तेवढेच हाती लागते. पैसे वसूल झाले की नाही, एवढीच मग यशाची कसोटी उरते.

पाहुण्याचे तसे नाही. पाहुणा दुसऱ्याच्या घरात असतो. यजमान बसवील तेथे तो बसतो, वाढील ते खातो, घराची रीत पाळतो. त्याला जे मिळते त्याची किंमत देता येत नाही. म्हणून तो ऋणी होऊन परततो आणि पुढे कधीतरी दुसऱ्या कोणाला आपल्या घरी बोलावून ते ऋण फेडतो. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत अतिथीचे स्वागत साक्षात ख्रिस्त समजून करावे असे सांगितले आहे, हे आपणास ठाऊक असते. त्याच नियमावलीच्या 61 व्या प्रकरणात त्यांनी दूर देशाहून आलेल्या मठवासी पाहुण्यासाठीही शिस्त घालून दिली आहे, तिकडे मात्र आपले लक्ष जात नाही. अशा पाहुण्याने तेथील चालीरीतींत समाधान मानावे, अवाजवी मागण्या करून मठाची शांती बिघडवू नये. असे वागला तर त्याला हवे तितके दिवस राहू द्यावे. आणि त्याने नम्रपणे काही उणीव दाखवून दिली, तर कदाचित त्यासाठीच प्रभूने त्याला धाडले असेल, याचा मठाधिपतीने विचार करावा.

कोणी म्हणेल, फादर, आज परदेशी जाणारा मनुष्य भाडे देऊनच राहतो. तो पाहुणा कसा होईल? आक्षेप रास्त आहे. पैसा द्यावाच लागतो आणि प्रामाणिकपणे द्यावा. प्रश्न असा की पैसा देऊन झाल्यावर उरते ते काय? वाट दाखवणारी म्हातारी, आपली मोडकी-तोडकी भाषा समजून घेणारा दुकानदार, बाकावर सरकून जागा देणारा अनोळखी भाविक, यांचे बिल कोणी आकारत नाही. येथेच दीर्घ मुक्कामाचे महत्त्व आहे. चार दिवसांत माणूस गिऱ्हाईकच राहतो. पाहुणा होण्यास आठवडे लागतात. केवळ दिवस वाढवल्याने मात्र तो पाहुणा होत नाही. आठ आठवड्यांत आठ देश पाहिले, तर तो आठ वेळा गिऱ्हाईक होईल, एवढेच.

हरवलेला मुलगा

शुभवर्तमानात पवित्र कुटुंबाच्या दोन प्रवासांच्या कथा आपण ऐकतो. पहिला इजिप्तचा, जिवाच्या भीतीने रातोरात केलेला. दुसरा संत लूक सांगतात तो : वल्हांडणाच्या सणासाठी येरुशलेमची वार्षिक यात्रा. येशू तेव्हा बारा वर्षांचा होता. ही यात्रा रुक्ष नव्हती. नातलग, ओळखीपाळखीची माणसे, मुलेबाळे असा मोठा तांडा असे. वाटेने गाण्यासाठी स्तोत्रसंहितेत 15 आरोहणस्तोत्रे आहेत. आणि अशा भरल्या तांड्यातून एक मुलगा मागे राहिला. आईवडिलांना वाटले, तो तांड्यात कोठेतरी असेलच. आणि ती एका दिवसाची वाट चालून गेली.

या एका दिवसाच्या वाटेवर प्रत्येक आईवडिलांनी थांबून विचार करावा. मूल आपल्याबरोबर आहे अशी आपली समजूत असते. तिकीट काढलेले असते, शेजारच्या आसनावर ते बसलेले असते. त्याचे मन मात्र कोठे आहे, हे आपणास माहीत नसते. शेवटी मुलगा सापडला तो मंदिरात, गुरुजनांचे ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारीत. यात्रेचा अर्थ त्याला त्याच्या परीने गवसला होता, आईवडिलांनी आखलेल्या कार्यक्रमाच्या बाहेर. संत लूक स्पष्ट लिहितात की त्याचे बोलणे त्यांना उमगले नाही. मरियेने ते सारे अंतःकरणात जपून ठेवले.

यावरून आम्हास वाटते की प्रवासाचा अर्थ आईवडिलांना मुलांच्या ताटात वाढता येत नाही. मुलाच्या मनात त्याचा स्वतःचा प्रश्न उत्पन्न होईल एवढी सवड ठेवणे, आणि तो प्रश्न अडचणीचा असला तरी ऐकून घेणे, इतकेच त्यांच्या हाती असते.

गोन्सालोच्या वाटेने

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या दाम्पत्यास पुन्हा बोलावले. त्यांनी एका प्रवास कंपनीचे रंगीत पुस्तक आणले होते. युरोपातील सहा देश. आम्ही म्हणालो, ‘एकच देश निवडा. जमल्यास एकच गाव.’ मुलगाही बरोबर आला होता. त्याने लगेच ‘जपान’ म्हटले. कारण विचारले तर तेथील भरधाव आगगाडी आणि दूरदर्शनवरील चित्रपट! वडील हसले. आम्ही मात्र हसलो नाही, कारण वसईच्या माणसासाठी जपान परका नाही.

वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात येशूसंघीयांबरोबर जपानला गेले. तेथे राहून ते जपानी भाषा शिकले. पुढे त्यांनी व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश केला आणि 1593 साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला परतले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथील निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर ठार करण्यात आले, त्यांत ते होते. 8 जून 1862 रोजी पोप पायस नववे यांनी या हुतात्म्यांना संतपद बहाल केले. गोन्सालो त्या देशाची भाषा शिकले होते, म्हणून तेथे त्यांच्या शब्दाला किंमत आली. आपल्या भूमीवरही असेच एक ऋण आहे. 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स आपली भाषा शिकले आणि 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. आपल्या मराठीत एक परदेशी पाहुणा असा राहून गेला आहे. त्याचे ऋण आपणही कोठेतरी पाहुणे होऊन फेडावे.

ते कुटुंब पास्कासणानंतर निघाले आणि जूनमध्ये परतले. क्योतोमध्ये काही दिवस, मग उरलेला सारा काळ नागासाकीच्या उराकामी भागात एक लहानसे घर भाड्याने घेऊन. आम्ही स्वतः तेथे गेलेलो नाही. पुढील हकीकत त्यांच्याकडून ऐकलेली आहे.

मौज पुष्कळ झाली. मुलाला हवी ती आगगाडी मिळाली, आणि नागासाकीच्या रस्त्यांतून धावणारी ट्राम तर रोजचीच झाली. एके दिवशी त्याला शोध लागला की जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दाचे वंशज आहेत. मग त्याला वेडच लागले. आपला ‘साबण’ तो त्यांचा ‘शाबोन’, तोही पोर्तुगिजांकडूनच आलेला. ‘तेम्पुरा’ हा तळणीचा पदार्थदेखील ख्रिस्तसभेच्या उपवासदिनांच्या लॅटिन नावावरून आला असावा, असे मानले जाते. नागासाकीचा प्रसिद्ध ‘कास्तेरा’ केक पोर्तुगीज खलाशांनी आणलेला. मुलाने वहीत शब्दांची यादीच केली. या खेळात मौज कोठे संपली आणि अर्थ कोठे सुरू झाला, हे कोणी सांगावे?

दर रविवारी ते उराकामी कॅथेड्रलमध्ये मिस्साला जात. शक्यतो त्याच बाकावर. भाषा कळत नव्हती, पण मिस्साची रचना पाठ असल्यामुळे कोठे काय चालले आहे ते समजे. तिसऱ्या रविवारी शेजारच्या बाकावरील एका वृद्धेने मुलांना खुणेने बोलावून नीट वाकून नमस्कार कसा करावा ते शिकवले. चौथ्या आठवड्यात आवार झाडणाऱ्या मंडळींनी यांच्याही हाती झाडू दिले. बाई आम्हास म्हणाल्या, ‘फादर, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण आता इथे राहतो आहोत.’

सर्व काही गोड झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. चौघे जण एका लहान खोलीत. तिसऱ्या आठवड्यात खटके उडू लागले. गृहस्थांना कारखान्यात हुकूम सोडण्याची सवय. कोणी किती वाजता उठावे, काय पाहावे, याचे वेळापत्रक त्यांनी भिंतीवर लावले. मुलगी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. शेवटी बाईंनी वेळापत्रक काढून टाकले आणि असे ठरवले की आठवड्यातील एक दिवस थोरलीचा, एक धाकट्याचा आणि एक कोणाचाच नाही. तो कोणाचाच नसलेला दिवस, त्या म्हणतात, सर्वांत चांगला जाई.

मुलीने आपल्या वाट्याच्या एका दिवशी निशिझाका निवडले. तेथे शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी 1962 साली घडवलेले 26 हुतात्म्यांचे शिल्प आहे. सारे एका ओळीत उभे, त्यांत ठेंगण्या अशा तीन बालमूर्ती. धाकटा ‘आपला गोन्सालो कोणता?’ म्हणून मूर्ती मोजू लागला. मुलगी मात्र त्या मुलांपाशी उभी राहिली. त्या तिघांत सर्वांत लहान होता तो लुदोविको इबाराकी, अवघा बारा वर्षांचा. थोमास कोझाकी हा किशोर आपले वडील मिगेल यांच्यासह पकडला गेला. क्योतोपासून नागासाकीपर्यंत भर थंडीत चाललेल्या त्या वाटेवर बाप आणि मुलगा एकत्र होते. वाटेतच थोमासने आईला पत्र लिहिले आणि धाकट्या भावांची काळजी घेण्यास सांगितले.

तेथून ती मंडळी ओउरा चर्चमध्ये गेली. त्या जागेचा इतिहास आपल्या प्रत्येक घरात सांगण्यासारखा आहे. 1614 साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू हद्दपार झाले किंवा मारले गेले. दोनशेहून अधिक वर्षे तेथे ना मिस्सा, ना कबुलीजबाब. तरीही गावोगावच्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी श्रद्धा जपली. आपल्यातीलच एक जण मुलांना स्नानसंस्कार देई, दुसरा सणावारांचा हिशेब ठेवी, प्रार्थना आईबाप मुलांना तोंडी शिकवीत. 1864 साली परदेशीयांसाठी ओउरा येथे चर्च उभे राहिले. 17 मार्च 1865 रोजी उराकामीचे काही गावकरी तेथे आले आणि त्यांतील एका स्त्रीने फादर बेर्नार पेतिजां यांना हलक्या आवाजात सांगितले की आमचे व तुमचे अंतःकरण एकच आहे, आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. बंदी उठण्यास 1873 साल उजाडावे लागले. ज्या कुटुंबांनी चर्चशिवाय इतका काळ श्रद्धा राखली, त्यांचे वंशज आज त्या उराकामीत मिस्साला बसतात. नागासाकी परिसरातील या गुप्त ख्रिस्ती स्थळांना 2018 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

हे सारे पाहून परतताना ट्राममध्ये मुलीने वडिलांना विचारले, ‘पप्पा, तुम्ही तिकडे मिस्साला कुठे जायचात?’

चौदा वर्षांत हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता. सौदी अरेबियात सार्वजनिक चर्च नाही. गृहस्थ प्रथम ‘कुठे नाही’ एवढेच म्हणाले. मग हळूहळू सांगू लागले. आठ जणांची खोली. रात्री दिवे मालवल्यावर पांघरुणात बोटांवर मोजून म्हटलेली जपमाळ. नाताळच्या रात्री पाळीवर असताना घड्याळ पाहून केलेला हिशेब, की आता वसईत घंटा वाजत असतील, आता मुले नवे कपडे घालून निघाली असतील. ट्राम शेवटच्या थांब्याला पोहोचली तरी सांगणे संपले नव्हते. मुलगी ऐकत होती. धाकटा त्यांच्या मांडीवर झोपी गेला होता.

आम्हाला हे सांगताना गृहस्थांचे डोळे भरून आले. ‘फादर, मी ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.’

जे परत मिळत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गेलेली वर्षे भरून निघाली काय? नाही. असे म्हणणे कठोर वाटेल, परंतु खोटा दिलासा देणे हे धर्मगुरूचे काम नव्हे. मुलीची पहिली पावले, मुलाचे पहिले कम्युनियन, आजारपणाच्या रात्री, यांतील काहीही कोणत्याही विमानाने परत आणता येत नाही. काळ ही विकत घेण्याची वस्तू नाही. गेलेला काळ पैशाने परत मिळवू पाहणारा बाप आपल्याच मुलांचा गिऱ्हाईक होतो आणि मुले ते अचूक ओळखतात.

पण एक गोष्ट घडू शकते. परक्या गावात सगळे कुटुंब सारखेच अनोळखी असते. तेथे बापाला रस्ता ठाऊक नसतो, आईला बाजार ठाऊक नसतो. दहा वर्षांचा मुलगा कधीकधी अधिक जाणतो. सर्वांनाच विचारावे लागते, सर्वांनाच मदत घ्यावी लागते. ज्या घरात बाप पाहुण्यासारखा झाला होता, त्या घरातील चौघेही मग पाहुणे झाले, आणि पाहुणे एकमेकांकडे नव्याने पाहतात. मुलीला आपला बाप नुसता पैसे पाठवणारा माणूस नसून आपल्या परीने श्रद्धा लपवून जपणारा एक ख्रिस्ती आहे, हे दिसले. चौदा वर्षे परत मिळाली नाहीत. त्यांत काय घडले होते, ते मात्र घराला कळले. अम्माउसच्या वाटेवरील दोघा शिष्यांनाही प्रभू ओळखू आला तो चालताना नव्हे, तर त्याला आग्रहाने थांबवून घेऊन एकत्र जेवावयास बसल्यावर.

नागासाकीतच याची साक्ष देणारे एक घर आहे. 9 ऑगस्ट 1945 रोजी अणुबॉम्बने उराकामी कॅथेड्रल आणि तेथील हजारो ख्रिस्ती माणसे नष्ट झाली. क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. ताकाशी नागाई यांची पत्नीही गेली. ते स्वतः रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. पुढे दोन चटयांच्या एका झोपडीत आपल्या दोन मुलांसह राहून, अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी पुस्तके लिहिली. 1951 साली ते वारले. ती झोपडी अद्याप जपलेली आहे. मुलगी सांगत होती, ‘फादर, ती आमच्या स्वयंपाकघराएवढीसुद्धा नाही.’ आमच्या त्या खोलीत चौघे मावत नाही म्हणून आम्ही भांडत होतो, असेही तिने पुढे आपणहून सांगितले. 2025 च्या ऑगस्टमध्ये, स्फोटास 80 वर्षे झाली तेव्हा, अमेरिकेतील कॅथलिकांनी दिलेली नवी घंटा उराकामीच्या उरलेल्या जुन्या घंटेसमवेत वाजली, ही बातमी घेऊन हीच मुलगी आमच्याकडे धावत आली होती. जणू ती तिच्याच धर्मग्रामाची बातमी होती.

घरी परतल्यावर

प्रवासाची खरी परीक्षा घरी परतल्यावर होते. जो पाहुणा होऊन आला, त्याला आपल्या दारातला पाहुणा दिसू लागला पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर मुलाबाळांसह घर सोडतात आणि वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर पावसाळा येईतो राहतात. तोही दीर्घ कौटुंबिक प्रवासच आहे. फरक इतकाच की त्यात मौज नाही आणि निवडही नाही. नागासाकीच्या गुप्त ख्रिस्ती जनांसाठी डोळे ओले करून आलेल्या आपल्याला ही माणसे दिसत नसतील, तर आपण फक्त तिकिटाचे पैसे वसूल केले, असेच म्हणावे लागेल.

ज्या आजी नाराज होत्या, त्या लेकीकडे राहिल्या होत्या. त्यांच्यासाठी कास्तेरा केक आला. त्यांनी चहात बुडवून एक तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, ‘हा तर आपलाच केक!’ आणि थोड्या वेळाने, ‘तुझे आजोबा बोटीवर होते. जपानला गेले होते म्हणे. मी कधी विचारलंच नाही त्यांना.’ घरात आणखी एक प्रश्न उघडला, असे आम्हास वाटते. मुलीची दहावी यथास्थित पार पडली, हे नातेवाइकांच्या माहितीसाठी.

गेल्या महिन्यात घर आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या इमारतीत गेलो होतो. फाटकाशी एक नेपाळी पहारेकरी असतो. बायकामुले गावी, हा इकडे. वर्षातून एकदा घरी जातो. संध्याकाळची वेळ होती. गृहस्थ त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, दोघांच्या हातांत चहाचे पेले. धाकटा आपली ती शब्दांची वही घेऊन समोर उभा होता आणि विचारत होता, ‘काका, तुमच्याकडे पावाला काय म्हणतात?’

‘पाउरोटी,’ तो म्हणाला.

मुलाने खाली बसून तो शब्द वहीत लिहून घेतला.